दसऱ्यानंतरचा तिसरा तोडा: टोमॅटोच्या एका नापास सीड प्लॉटचं प्रकरण

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी आमच्या टोमॅटो सीड प्लॉटचा, म्हणजे कंपनीशी करार करून संकरित बियाणं तयार करायच्या प्लॉटचा, अहवाल आला. पेरून बघितलेल्या ४०० रोपांपैकी २४ रोपं संकरित नव्हती. म्हणजे शुद्धता ९४ टक्के. करारात ९८ टक्के लिहिलं होतं. दहा गुंठ्यांच्या शेडनेटमधलं ११ किलो बियाणं, आठ बायांची पाच आठवड्यांची मेहनत आणि घरातल्या सगळ्यांचा एक हंगाम एका ओळीत नापास झाला.

ती २४ रोपं आली कुठून, याचा शोध घ्यायला मला पुढचं जवळजवळ वर्ष लागलं. आमच्या देऊळगाव राजा तालुक्यात असे प्लॉट गावोगाव आहेत. जालना इथून तासाभराच्या आत. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे महिको सुरू केली, आणि पुढे त्या शहराभोवती बियाण्याच्या धंद्याचं मोठं जाळं उभं राहिलं. आमच्याकडे शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, काकडीचे सीड प्लॉट घेतात ते त्याच जाळ्याच्या आधाराने. प्लॉट फेल गेला की लोक नशिबाला, हवेला किंवा कंपनीला बोल लावतात आणि पुढच्या हंगामाला लागतात. मलाही तेच करावंसं वाटलं होतं. पण माझ्याकडे एक गोष्ट शिल्लक होती, तिने मला थांबवलं. ती पुढे सांगतो.

आधी कामाची रीत, कारण सगळं प्रकरण त्यातल्या एका बारकाव्यावर उभं आहे.

टोमॅटोचं फूल स्वतःचं लग्न स्वतःच लावतं. पिवळ्या पाकळ्यांच्या मधोमध पाच-सहा पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची एक नळी झालेली असते आणि स्त्रीकेसर त्या नळीच्या आत असतो. फूल उमललं, वाऱ्याने हललं, की नळीच्या आतल्या अंगाला सुटलेले पराग कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडतात. बाहेरच्या परागाला फारसा वावच नाही. म्हणून दोन वाणांचा संकर करायचा तर ही नळी फूल उमलायच्या आधी काढावी लागते. चिमट्याने कळीच्या पाकळ्या जरा बाजूला करायच्या, नळीला एका बाजूने धरायचं आणि अख्खी नळी पाकळ्यांसकट अलगद ओढून घ्यायची. यालाच आमच्याकडे नर काढणं म्हणतात. मागे उरतो तो हिरवा बारीक बीजांडकोश आणि त्यावर टाचणीसारखा उभा कुक्षीवृंत. तो मोडला की कळी गेली. हे काम दुपारनंतर करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उघड्या कुक्षीवर नर वाणाचा पराग लावायचा, आणि खूण म्हणून फुलाच्या बुडाच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कात्रीने छाटायच्या. फळ पिकलं तरी त्या दोन तुटक्या पाकळ्या देठापाशी दिसतात. तोडणीला खूण असलेलंच फळ बियाण्यासाठी घ्यायचं.

नराची बाजू त्यामानाने सोपी. नर वाण मादीच्या दोन-तीन आठवडे आधी लावतात, म्हणजे पराग लागेल तेव्हा हाताशी असतो. चार मादी झाडांमागे एक नर झाड पुरतं. आमच्याकडे १६०० मादी आणि ४०० नर होते. सकाळी नराची फुलं खुडायची, नळ्या वेगळ्या करून कागदावर पसरायच्या आणि रात्रभर बल्बच्या उबेत वाळवायच्या. बल्ब हातभर वर हवा; फार गरम झालं तर पराग मरतो. सकाळी बारीक कापडातून चाळलं की फिकट पिवळी भुकटी खाली पडते. बाया तिला पावडरच म्हणतात. बोटात घालायच्या अंगठीवरच्या छोट्या वाटीत ती भरतात आणि कुक्षी त्या वाटीत बुडवून पुढच्या फुलाकडे जातात.

मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग केले तेव्हा त्यानेही कळी उघडून पुंकेसर काढले होते आणि दुसऱ्या झाडाचा पराग लावला होता. दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण टोमॅटोत हे काम अजून बहुतेक हातानेच होतं. संकरित टोमॅटोचं बी इतकं महाग का, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. त्या पाकिटातल्या प्रत्येक बीमागे कुणाची तरी चिमट्यातली नजर असते, हे उत्तर मला प्रत्येक वेळी द्यावंसं वाटतं. एका फळात साधारण शंभराच्या आसपास बी आणि एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास. हिशेब केला तर आमच्या दहा गुंठ्यांत पाच आठवड्यांत साठ हजारांच्या घरात कळ्या हातांखालून गेल्या होत्या.

आता तपास.

माझ्या हातात शिल्लक असलेली गोष्ट म्हणजे चार कागदी पाकिटं. फळांचे चार तोडे झाले होते. प्रत्येक तोड्याचा गर आंबवून, धुऊन, बी वाळवून झाल्यावर मी त्यातलं चिमूटभर बी पाकिटात घालून वर तारीख टाकली होती. कुणी सांगितलं म्हणून नाही. कृषी महाविद्यालयात लागलेली सवय. बाकी सगळं बी एकत्र करून कंपनीला गेलं होतं, त्यामुळे अहवाल एकत्र लॉटचा होता. पाकिटांत मात्र तोडे वेगवेगळे होते.

दुसरी सोय मादी वाणाने केली. त्याच्या रोपाचं खोड उगवतानाच फिकट हिरवं असतं, जांभळी झाक अजिबात नाही. नराचं खोड जांभळट. जांभळेपणा प्रभावी, म्हणून खरा संकर झाला असेल तर रोप जांभळ्या खोडाचंच निघणार. हिरवं रोप निघालं तर ते मादीच्या स्वतःच्या परागाचं, म्हणजे ‘सेल्फ’. बी पेरल्यावर आठ-दहा दिवसांत डोळ्यांनी मोजता येतं.

या एका गोष्टीने दोन संशय लगेच मिटले. गावात सगळ्यांचा पहिला अंदाज होता की नेट फाटली असेल, मधमाशी आत शिरली असेल, बाहेरचा पराग आला असेल. पण बहुतेक वाणांची खोडं जांभळट असतात. बाहेरचा पराग आला असता तर रोपं जांभळी निघून पुढे फळात फरक दिसला असता. आमची २४ च्या २४ रोपं हिरव्या खोडाची होती. नराच्या बियाण्यात भेसळ असण्याचा संशयही त्यानेच गेला. जो काही पराग लागला तो मादीचा, त्याच फुलाचा किंवा शेजारच्या फुलाचा.

तिसरा संशय खूण नसलेली फळं मिसळल्याचा. त्यावर मी ठाम होतो, कारण तोडणीला मी स्वतः उभा होतो आणि बिनखुणेची फळं वेगळ्या क्रेटमध्ये टाकून बाजारात पाठवली होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, रात्री अजून गार होत्या तेव्हा (गारव्यात जांभळा रंग नीट चढतो), चारही पाकिटांतल्या बियांची रोपं ट्रेमध्ये केली. प्रत्येक तोड्याची २०० रोपं मोजली. पहिल्या तोड्यात एक हिरवं. दुसऱ्यात तीन. चौथ्यात सहा. आणि तिसऱ्या तोड्यात ३१.

तो ट्रे मी आईला दाखवला. ती काही बोलली नाही. भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर अजून तसंच होतं, तिने त्याची पानं मागे उलटली. तिसरा तोडा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला. आमच्याकडे थंडीत पराग लावल्यापासून फळ पिकायला आठ आठवड्यांच्या आसपास लागतात. तिचं बोट ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यावर येऊन थांबलं. २४ तारखेला दसरा.

२०२३ च्या नवरात्रात २२ तारखेला अष्टमी, रविवारी. त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत तीन दिवस काम बंद होतं. बाया उपासाच्या, घरोघरी घटाची गडबड, सुट्टी मीच दिली होती. पाऊस जाऊन ऊन तापलं होतं, ऑक्टोबर हीटचे दिवस. सप्टेंबरच्या ढगाळ हवेत आज फिकट दिसणारी कळी उमलायला दोन दिवस घेते. त्या उन्हात दुसऱ्या दिवशी दुपारीच उघडते. बुधवारी, २५ तारखेला बाया परतल्या तेव्हा झाडांवर तीन दिवसांची फुलं साचली होती. काही पूर्ण उमललेली, ती खुडून टाकली. पण अर्धवट उमललेली, पाकळ्या पिवळ्याधमक होऊन नुकत्या मागे वळू लागलेली शेकडो फुलं होती. त्यांचं काय केलं, हा प्रश्न मी आमच्या सगळ्यांत जुन्या मावशींना विचारला. त्या वीसेक वर्षं क्रॉसिंगला, म्हणजे संकराच्या या कामाला, जातात.

“नर काढला त्यायचा,” मावशी म्हणाल्या. “पन भाऊ, त्या कळ्या हळदीवर गेलत्या. म्या तवाच म्हनलं होतं.”

कुणाला म्हणाल्या होत्या, ते मी विचारलं नाही. मलाच म्हणाल्या होत्या, मला आठवलं. आणि मी काय उत्तर दिलं होतं तेही आठवलं: “मावशी, फुलं वाया नका घालवू, काढा नर.”

त्याच्या मागे एक कारण होतं आणि ते लपवून हे प्रकरण पूर्ण होणार नाही. त्या वर्षी मी रोजावर थोडी बक्षिसी ठेवली होती, दिवसाला किती फुलांची खूण झाली त्यावर. काम वेगात व्हावं म्हणून. ज्या बाईने पिवळी फुलं खुडून टाकली असती तिची त्या दिवसाची मोजणी कमी भरली असती. शहाणपणाने वागणारीला कमी पैसे मिळतील, अशी व्यवस्था मी स्वतः करून ठेवली होती.

आता हळदीवर गेलेल्या कळीत नेमकं काय बिघडतं ते सांगतो, कारण आमच्याकडच्या बहुतेक प्लॉटवर चर्चा परागाचीच होते: ताजा होता का, वाळला का, पुरेसा लावला का. परागात चूक झाली तर फळ लागत नाही किंवा बी कमी भरतं. नुकसान डोळ्यांना दिसतं. नर काढण्यात उशीर झाला तर फळ छान लागतं, बी टपोरं भरतं, आणि सगळं खोटं असतं. पाकळ्या गडद होऊन वळू लागल्या की नळीच्या आतले परागकोश फाटायच्या बेतात असतात. उन्हात, कोरड्या हवेत आणखी लवकर. अशी नळी चिमट्याने दाबली की पिशवी फुटल्यासारखा पराग बाहेर येतो, थोडा त्याच फुलाच्या कुक्षीवर, थोडा चिमट्याच्या टोकाला, थोडा बोटांना. तोच चिमटा पुढच्या कळीवर जातो. म्हणजे पुढची कळी अगदी योग्य वेळेची असली तरी तिला मादीचाच पराग लागू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण नराचा पराग लावतो तोवर कुक्षीवरच्या पहिल्या परागाची नळी खाली उतरायला लागलेली असते.

आणि खूण? खूण तर आहेच. दोन हिरव्या पाकळ्या छाटलेल्या. मला सगळ्यांत जास्त हे टोचलं. तोडणीला उभा राहून मी जी खात्री बाळगली होती ती फुकट होती. त्या खुणेवरून एवढंच कळतं की या फुलाला हात लागला होता. हात लागला तेव्हा कळी कुठल्या रंगाची होती, हे फळावर कुठेच लिहिलेलं नसतं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तिसऱ्या तोड्याचे आकडे आणि दसऱ्याची सुट्टी जुळतात म्हणजे कारण सिद्ध झालं, असं होत नाही. म्हणून २०२४ च्या हंगामात प्लॉट सुरू झाल्यावर मी आणि मावशींनी एक साधी परीक्षा घेतली. नर काढायचा आणि पराग लावायचाच नाही. फळ लागलं तर ते स्वतःच्याच परागाचं, दुसरं काही असू शकत नाही.

कळी कुठल्या रंगाची धरायची हे मावशींनी ठरवलं. पुस्तकात लिहिलेलं असतं की पाकळ्या कळीतून किंचित बाहेर आलेल्या, पण उघडलेल्या नकोत, रंग फिकट हवा. हे वाक्य वाचून दोन माणसं दोन वेगळ्या कळ्या निवडतात. मावशींची भाषा वेगळी होती. पाकळी अजून हिरवट-पांढरी असेल तर ती ‘काकडी’. फार कोवळी, नर काढताना कुक्षीवृंत मोडतो. लिंबाच्या सालीचा फिका पिवळा आला की ‘लिंबू’, हीच कामाची. पिवळाधमक झाला की ‘हळद’, खुडून टाकायची. मी ही तीन नावं पुठ्ठ्यावर लिहून, तिथेच तीन कळ्या चिकटवून ठेवल्या. कळ्या दोन दिवसांत सुकल्या, नावं राहिली.

लिंबाच्या ४० कळ्या आणि हळदीच्या ४० कळ्या. दोन्हींचा नर मावशींनीच काढला, प्रत्येक कळीनंतर चिमटा स्पिरिटच्या कापसाने पुसून. घोसातली बाकीची फुलं काढून टाकली आणि प्रत्येक कळीवर कागदाची छोटी टोपी घातली. लिंबाच्या ४० पैकी एकही फळ लागलं नाही; सगळी फुलं देठापासून गळून गेली. हळदीच्या ४० पैकी १३ फळं लागली. तीन आठवड्यांनी ती १३ हिरवी फळं हातात घेऊन मावशी म्हणाल्या, “ही बघा तुमची कंपनीत गेलेली.”

त्या हंगामात काम कसं बदललं ते थोडक्यात सांगतो. मोजणीवरची बक्षिसी बंद केली. रोज सगळ्यांना सारखा आणि आधीपेक्षा जरा जास्त. खुडून टाकलेली फुलं एका टोपलीत जमा करायची आणि संध्याकाळी ती टोपली सगळ्यांनी बघायची. टोपली भरलेली असेल तर काम नीट झालं. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी नर काढायचाच नाही, फक्त झाडं साफ करायची. पिवळं दिसेल ते सगळं खाली. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. १३ तारखेला आम्ही अख्खा दिवस फुलं खुडण्यात घालवला, आणि संध्याकाळी टोपल्या बघताना माझ्या पोटात खड्डा पडला, एवढी फुलं होती. उन्हाच्या दिवसांत सकाळीसुद्धा एक फेरी वाढवली, कारण दुपारी लिंबावर असलेली कळी चुकली तर दुसऱ्या दुपारी ती हळदीवर सापडते. आणि प्रत्येक आठवड्याच्या घोसांना वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधला, म्हणजे पुन्हा असं काही झालं तर कॅलेंडर उलटत बसावं लागू नये.

बियाणं ११ किलोवरून साडेनऊ किलोवर आलं. शुद्धता ४०० पैकी ३९५. पास.

२०२३ च्या नापास लॉटचे पैसे मिळाले नाहीत. ते बी करारामुळे बाहेर विकताही येत नव्हतं, आणि विकायचंही नव्हतं. सहा टक्के सेल्फ असलेलं बी कुणाच्या रानात गेलं असतं तर शंभरात सहा झाडं त्याच्या वाट्याला भलतीच आली असती. बायांचा रोज मात्र मी तेव्हाच चुकता केला होता. त्यांचं काम नापास झालं नव्हतं. माझं सांगणं नापास झालं होतं.

यंदा दोन गुंठ्यांत मिरचीचा प्लॉट घेऊन बघतोय. मिरचीत आता नरवंध्य मादी वाणांचा बराच वापर होतो. त्यांच्या फुलात कामाचा पराग नसतोच, त्यामुळे नर काढायची गरज राहत नाही. आम्हाला दिलेली मादी मात्र साधी आहे, म्हणजे पुन्हा चिमटा आला. आणि मिरचीचं फूल टोमॅटोपेक्षा जास्त त्रास देतं. परागकोश एकमेकांना चिकटलेले नसतात, पाच-सहा सुटे असतात, एकेक उचलावा लागतो. एक जरी मागे राहिला तरी सगळं फुकट. कळीचं देठ ठिसूळ, जरा जोर लागला की गळते. टोमॅटोसारखा घोस नाही, बहुतेक एका पेरावर एकच फूल, त्यामुळे एक चुकलं की त्या पेराची संधी गेली. शिवाय टोमॅटो परका पराग सहसा घेत नाही, मिरची सहज घेते. इथे फाटक्या नेटचा आणि मधमाशीचा संशय खराच धरावा लागतो. एक सोय आहे: परागकोश निळसर-जांभळे असतात आणि फुटले की त्यांच्यावर पांढरट भुकटी दिसते, त्यामुळे उशीर झाल्याचं टोमॅटोपेक्षा लवकर कळतं. पण ते कळी उघडल्यावर. बाहेरून बघताना सगळ्या कळ्या पांढऱ्याच.

म्हणून पुठ्ठा पुन्हा कोरा आहे. मावशी म्हणतात, पाकळीचा हिरवेपणा जाऊन ती तांदळासारखी झाली की धरायची, तिला ‘तांदूळ’ म्हणू. त्यांच्या सुनेचं म्हणणं, तांदळावर गेली म्हणजे उशीर झाला, त्याच्या आधीची ‘दूध’ धरायला हवी. काल दोघींनी आपापल्या वीस-वीस कळ्यांचा नर काढून, पराग न लावता, कागदाच्या टोप्या घातल्या आहेत.